निरोप पोचेपर्यंत गप्प बसणारा डबा

आमच्या कंपनीतला सर्वांत महत्त्वाचा कॉम्प्युटर नारळाच्या पाण्याने गेला.

खंडेनवमीची पूजा होती. कारखान्यात लोक लेथ मशीनला हार घालतात, एसटीवाले बसला घालतात. आम्ही सॉफ्टवेअरवाले, त्यामुळे आमच्या ठाण्याच्या ऑफिसात सगळे कॉम्प्युटर हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून ओळीत मांडलेले असत. आमचे प्रमुख नाडकर्णी साहेब परदेशात शिकून आले होते आणि अशा माणसाला पूजेचा उत्साह थोडा जास्तच असतो. शिपायाने नारळ फोडायला दाराबाहेर ठेवलेला दगड त्यांनी स्वतः उचलून टेबलावर आणला आणि म्हणाले, "मानाचा नारळ मानाच्या मशीनसमोर!"

मानाचं मशीन म्हणजे ऑफिसातला सर्वांत जुना कॉम्प्युटर. त्याला सगळे 'आजोबा' म्हणत. साहेबांनी एकाच फटक्यात नारळ फोडला. टाळ्या झाल्या. पाणी आजोबांच्या वरच्या जाळीतून आत गेलं. आजोबांनी 'टक्' असा एक आवाज केला आणि त्यांचा पंखा थांबला.

"बॅकअप आहे ना?" साहेबांनी विचारलं.

"आहे, सर," कुणीतरी म्हणालं.

"कुठे आहे?"

"आजोबांवरच आहे, सर."

ही गोष्ट दोन हजार सालानंतरची, पण ते दशक संपायच्या आतली. तेव्हा आमचा मोखाडा तालुका ठाणे जिल्ह्यातच होता, आणि मी ठाण्यात नोकरीला असूनही ऑफिसातले लोक मला नावाने न ओळखता 'मोखाडा' म्हणून ओळखत. "ए मोखाडा, तुमच्याकडे लाइट आली का रे?" असं जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी विचारी. मी म्हणे, "आली होती. गेली." त्यावर सगळे हसत. मीही हसे. घराण्यातला पहिला पदवीधर होतो. हसून घ्यायला शिकणं हाही त्या पदवीचा एक विषय असतो, फक्त त्याची परीक्षा होत नाही.

आता आजोबा गेल्याने एवढं काय बिघडलं, ते सांगायला हवं. माझं काम छोट्या यंत्रांच्या आतल्या सॉफ्टवेअरचं. म्हणजे ज्या डब्याला कीबोर्ड नाही, माऊस नाही, जो भिंतीवर लटकतो आणि एकच काम करतो, त्याच्या पोटातलं सॉफ्टवेअर. ते एकसंध नसतं. लहान लहान तुकडे असतात, त्यांना पॅकेज म्हणतात. स्वयंपाकात जसं आधी पीठ मळायचं, मग भाकरी थापायची, तसं एक पॅकेज तयार झालं की त्याच्या आधाराने दुसरं तयार होतं. सगळी क्रमाने तयार करून डब्यात भरायची, याला आम्ही बिल्ड म्हणतो. माझी नोकरी हा क्रम सांभाळण्याची होती.

कधी कधी या क्रमाचा गोल होतो. पहिल्या पॅकेजला दुसरं तयार हवं असतं, आणि दुसऱ्याला पहिलं. मग दोन्ही हाताची घडी घालून बसतात.

हा प्रकार मला कॉम्प्युटरने शिकवला नाही. जव्हारला बारावी झाल्यावर मी वडिलांबरोबर ठाण्याला कॉलेजच्या प्रवेशासाठी गेलो, तेव्हा कॉलेज म्हणालं, आधी राहण्याची सोय दाखवा. वसतिगृह म्हणालं, आधी कॉलेजचा प्रवेश दाखवा. वडिलांनी डोक्याची टोपी काढून हातात धरली आणि दोन इमारतींच्या मधे उभे राहिले. तेव्हा वसतिगृहाचे रेक्टर बाहेर आले, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "पोरगा जेवलाय का? नाही ना? मग आधी जेवू दे, झोपू दे. कोण कुणाच्या आधी ते उद्या बघू." त्या माणसाचं माझ्यावरचं ऋण फिटणारं नाही. आणि गोल कुठून तरी एका बाजूने मोडावा लागतो, हेही मी तिथेच पाहिलं.

तर डबा. आमची कंपनी आरोग्य केंद्रांसाठी एक डबा बनवत होती. केंद्रात लहान मुलांच्या लसी फ्रीजमध्ये ठेवतात. लस फार गरम झाली तर वाया जाते, आणि वरून पाहून ते कळतही नाही. आमच्या डब्याची एक तार फ्रीजमध्ये सोडलेली असे. आतली हवा गरम व्हायला लागली, की डब्याने मोबाइलवरून तालुक्याच्या डॉक्टरांना निरोप पाठवायचा आणि मोठ्याने बझर वाजवायचा. डब्यात स्वतःची बॅटरी होती, त्यामुळे वीज गेली तरी तो जागा राही. चाचणीसाठी जव्हार आणि मोखाडा हे दोन तालुके निवडले होते. "दुर्गम भाग आहे, चॅलेंज आहे," असं साहेब म्हणत.

या चॅलेंजला साहेब स्वतः सामोरे गेले होते. ते आणि त्यांची मंडळी गाडी घेऊन जव्हारला आली, आधी शिरपामाळ या फिरायच्या ठिकाणी जाऊन दरीकडे पाठ करून फोटो काढले, मग जेवले, मग जव्हार गावात डबा चालवून पाहिला. उत्तम चालला. गावात मोबाइलच्या टॉवरला जनरेटर होता. मोखाड्याकडच्या गावांत टॉवर त्याच विजेवर चाले जी रोज जायची, आणि त्याची बॅटरी फार काळ तग धरत नसे. पण तिकडे जाईपर्यंत चार वाजून गेले असते, आणि परतीचा घाट अंधारात नको होता. तिकडचे डबे कंत्राटदाराच्या माणसांनी बसवले.

त्या डब्यात दोन मोठी पॅकेजं होती. पडद्याचं पॅकेज शुभदा मॅडमकडे. पडदा म्हणजे डब्यावरची छोटी काच, जिच्यावर अक्षरं उमटतात. निरोपाचं पॅकेज बात्राकडे. आजवर बिल्ड आजोबांवर होई; दोघांनी लिहिलेलं त्यांच्या आपापल्या कॉम्प्युटरवर शाबूत होतं, पण आजोबा गेल्यावर नव्या कॉम्प्युटरवर बिल्ड लावलं, तर ते जागचं हलेना. साहेबांनी बैठक घेतली.

"शुभदा, तुझं का होत नाही?"

"सर, बात्राचं तयार झालं की माझं पाच मिनिटांत होतं. निरोप गेला की नाही ते मला पडद्यावर दाखवावं लागतं ना. त्याचंच नसेल तर मी काय दाखवू?"

"बात्रा?"

"सर, मैं तो कब से तैयार बैठा हूँ. पहले मॅडम का आने दो. बझर उन के पास है. निरोप पोचल्यावर मला बझर वाजवावा लागतो."

"म्हणजे दोघंही तयार आहात," साहेब म्हणाले. "मग प्रॉब्लेम काय आहे?"

कोपऱ्यातून मी म्हणालो, "सर, दोघं तयार आहेत, हाच प्रॉब्लेम आहे."

इतकी वर्षं हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? कारण आजोबा. दही लावायला आधीचं दही लागतं. ते घरात असतं म्हणून पहिलं दही कुठून आलं असं कुणी विचारत नाही. आजोबांच्या पोटात दोन्ही पॅकेजांच्या जुन्या तयार प्रती पडून होत्या. नवं पडद्याचं पॅकेज जुन्या निरोपाच्या आधारावर होई, नवं निरोपाचं जुन्या पडद्याच्या. त्या विरजणावर कंपनी चालली होती. साहेबांनी त्यात नारळाचं पाणी घातलं.

बझर पडद्याच्या पॅकेजात का, आणि निरोप पोचल्यावरच का वाजवायचा, असं मी विचारलं. बात्राने खांदे उडवले. शुभदा मॅडम म्हणाल्या, "तू यायच्या आधी ठरलंय ते." मग साहेबांनीच समजावलं. डब्याचा आराखडा ठरवताना त्यांनीच सुचवलं होतं, की बझर आधी वाजला तर खालचा कर्मचारी घाबरून काहीतरी करून बसेल, म्हणून आधी वरिष्ठांना निरोप जावा, तो पोचल्याची खात्री व्हावी आणि मगच खाली बझर वाजावा. "इट्स अबाउट प्रोटोकॉल," ते म्हणाले.

फ्रीज जळत असला तरी आधी तालुक्याला कळलं पाहिजे, मग फ्रीजशेजारी उभ्या असलेल्या माणसाला. असा विचार करायला माणूस परदेशात शिकलेला असावा लागतो असं मला तेव्हा वाटलं. नंतर सरकारी ऑफिसं पाहिली आणि मत बदललं. इथे शिकूनही जमतो.

विरजण कुठून आणायचं यावर साहेबांनी तोडगा काढला. तयार झालेलं जुनं सॉफ्टवेअर बसवलेल्या डब्यांत होतंच. एक डबा भिंतीवरून उतरवून आणायचा, त्याच्या पोटातून जुनी पॅकेजं काढायची, आणि त्यांवर नवं बिल्ड लावायचं. दिवाळीनंतर पुढच्या ऑर्डरचे डबे द्यायचे होते, त्यांचं निरोप पाठवणारं मोडेम बदललेलं होतं, त्यामुळे नवं बिल्ड अडून चालणार नव्हतं.

"मोखाड्याकडच्या एका केंद्रातला डबा आण," साहेब मला म्हणाले. "तिथे तसाही काहीतरी गोंधळ चाललाय. आणि तुझं गावच आहे."

कसला गोंधळ, ते त्यांनी सांगितलं नाही.

केंद्राचं नाव लिहीत नाही. मी सकाळी जव्हारहून जीप पकडून पोचलो, तेव्हा तिथल्या भोये सिस्टर व्हरांड्यात कापसाचे बोळे करत बसल्या होत्या. पन्नाशीच्या आतबाहेरच्या, आवाज असा की पलीकडच्या पाड्यावरच्या माणसाने वळून पाहावं.

"कंपनीचे का?"

"हो. पण मी इथलाच आहे, सिस्टर. पोशेऱ्याच्या अलीकडचा."

"बरं झालं. म्हणजे मराठीत भांडता येईल. मागं डबा लावाया आले ते हिंदीतनं नुसते हसत होते."

डबा फ्रीजच्या वर भिंतीला होता. मी पिशवीतून पेचकस काढला. सिस्टर उठल्या, भिंतीपाशी आल्या आणि डब्यावर हाताचा पंजा ठेवून उभ्या राहिल्या.

"याला हात लावायचा नाय."

"सिस्टर, कंपनीचाच आहे."

"हाय ना. म्हणूनच."

मग त्यांनी सांगितलं. पावसाळा सरता सरता घाटात विजेची तार तुटली. संध्याकाळी लाइट गेली ती सकाळपर्यंत आली नाही. पूर्वी असं झालं की सिस्टर केंद्रामागच्या आपल्या खोलीतून स्वतः उठून फ्रीजमधला थर्मामीटर बघत, बर्फाच्या डब्यात लसी हलवत. पण डबा बसवणाऱ्यांनी त्यांना बजावलं होतं, की आता पाहायचं नाही, सारखा फ्रीज उघडला तर आमच्या यंत्राचा आकडा बिघडतो. वाजला तर उठा. डबा वाजला नाही. सिस्टर उठल्या नाहीत. सकाळी त्या आल्या तेव्हा फ्रीज कोमट होता, आणि डब्याच्या काचेवर अक्षरं होती: 'निरोप पाठवत आहे. कृपया वाट पाहा.'

"वाट पाहा म्हणं," सिस्टर म्हणाल्या. "वाट बघत त्या सगळ्या बाया बसल्या होत्या भाईर. लसीचा दिवस होता. कडेवर पोरं घेऊन डोंगर उतरून आल्या होत्या. एकेकीला सांगितलं, बाय, आज नाय, माघारी जा. एक तर मला म्हणली, सिस्टर, तुमीच बोलावलं ना?"

लसी वाया गेल्या. तालुक्याच्या डॉक्टरांनी कंपनीला विचारलं. कंपनीने कळवलं, डबा ठरल्याप्रमाणे काम करत होता. त्यात एक शब्दही खोटा नव्हता. मग निष्काळजीपणा कुणाचा? सिस्टरांना नोटीस आली. नोकरीची इतकी वर्षं, आणि आता दिवाळीच्या आत निलंबन करायचं की नाही ते ठरणार होतं.

टॉवर विजेबरोबर गेला होता. निरोप पोचेना. पोचल्याची खात्री होईना म्हणून बझर वाजेना. डबा रात्रभर आमच्या साहेबांचा प्रोटोकॉल पाळत बसला होता.

"सिस्टर, मला त्या डब्यातलं सॉफ्टवेअर हवंय," मी म्हणालो. "ते नेलं नाही तर आमचं तिकडे सगळं अडलंय."

"तुमाला त्यातलं पायजे. मला तो गप बसला ते पायजे. हा भिंतीवरनं हलला तर मी कुणाला काय दाखवू? डाक्टर म्हणतात यंत्र चांगलं हाय, बाई झोपली." डब्यावरचा पंजा त्यांनी हलवला नाही. "शिकलात ना तुमी इथनं भाईर जाऊन? मंग तुमीच सांगा, तो का गप बसला?"

मी सांगितलं. व्हरांड्यात बसून, टॉवर, निरोप, बझर, सगळं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि एवढंच म्हणाल्या, "हे तुमी मला सांगून काय उपयोग? मी तर होते तिथं." मी पेचकस पिशवीत टाकला.

साहेबांचा तोडगा आता माझ्या डोक्यात नीट दिसत होता. डबा नेला की विरजण मिळणार, बिल्ड चालू होणार, आणि सिस्टरांच्या बाजूचा एकुलता एक साक्षीदार ठाण्याच्या कपाटात जाणार. साहेबांनी हे ठरवून केलं असं मी म्हणत नाही. त्यांना एकाच खेपेत दोन कामं उरकायची सवय होती, शिरपामाळ आणि चाचणीसारखी.

रिकाम्या हाताने परत निघालो. जीपमध्ये बाहेरच्या बाजूला जागा मिळाली. वाटेत आमचा पाडा लागला; उतारावरची भातं अजून हिरवी होती, फक्त ओढ्याजवळचा एक तुकडा पिवळा पडला होता. तो ठकूआजीचा. आमच्या पाड्यावर कुणाचंही भात ठकूआजीच्या आधी पिकत नाही, आणि याला जमिनीचा गुण म्हणतात ते खोटं आहे. तिचं आधी पिकतं कारण तिची आवणी आधी होते.

आवणी म्हणजे भाताची लावणी. ती एकट्या घराला उरकत नाही, म्हणून आमच्याकडे आळीपाळीने करतात. आज सगळे तुझ्या खाचरात, उद्या सगळे माझ्या. पण पहिला दिवस कुणाचा? चिखल तयार, रोपं तयार, आणि जो तो म्हणतो, आधी माझं, मग मी तुझ्याकडे येतो. एकदा यावरून अशी अडवणूक झाली होती की रोपं राबातच, म्हणजे रोपवाटिकेतच, म्हातारी झाली. तेव्हापासून पहिला दिवस ठरलेला: ज्या घरात माणूसबळ नाही, त्याचा. ठकूआजीला ना मुलगा ना सून. ती फेडायला कुणाकडे येऊ शकत नाही, म्हणून तिच्याशी कुणाची अट नाही. तिच्या खाचरात सगळे एकदा उतरले, की पुढचा क्रम आपोआप लागतो. यात फार मोठी दया आहे असंही नाही. भांडण मिटवायची ती सोय आहे.

जीप वळणावर आली आणि पिवळा तुकडा दिसेनासा झाला. मी विचार करत होतो, आमच्या डब्यात माणूसबळ नसलेलं कोण? पडद्याला निरोप लागतो. निरोपाला बझर लागतो. आणि बझरला? बझरला कुणीच लागत नाही. त्याला टॉवर नको, मोडेम नको, काच नको. वाजायचं एवढंच त्याचं काम. आणि त्याच गरिबाला आम्ही शुभदा मॅडमच्या पॅकेजात कोंडून, बात्राच्या निरोपाच्या मागे रांगेत उभं केलं होतं.

ऑफिसात आल्यावर मी बझरचा तेवढा भाग पडद्याच्या पॅकेजातून बाहेर काढला आणि त्याचं वेगळं, बोटभर पॅकेज केलं. तार गरम झाली की वाजायचं, कुणाला विचारायचं नाही. ते सर्वांत आधी तयार झालं. त्याच्या आधारावर बात्राचं झालं. दोन्हींच्या आधारावर शुभदा मॅडमचं झालं. गोल मोडला. आजोबांचं विरजण लागलंच नाही.

बात्रा माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. "अरे मोखाडा, ये तो हो गया!" आणि मग जरा दुखावल्यासारखा, "पर बझर किस की टीम का हुआ?"

हाच प्रश्न घेऊन पुन्हा बैठक बसली. वर्षानुवर्षं ज्या बझरकडे कुणी पाहिलं नव्हतं, तो वेगळा झाल्याबरोबर दोघांनाही हवा होता. मालकीवर चहाचे दोन फेरे झाले. शेवटी साहेबांच्या लक्षात खरी गोष्ट आली.

"थांबा. म्हणजे आता बझर निरोपाच्या आधी वाजणार?"

"हो, सर," मी म्हणालो.

"वरिष्ठांना कळायच्या आधी?"

"टॉवर असेल तर वरिष्ठांनाही लगेच कळेल, सर. नसेल तर निदान शेजारी झोपलेल्या सिस्टरांना कळेल."

मग मी त्या केंद्रात काय घडलं ते सगळं सांगितलं. बाया माघारी गेल्या, तेही. साहेबांनी सहानुभूतीने मान हलवली आणि म्हणाले, "व्हेरी सॅड. पण हे आपल्या प्रोटोकॉलमध्ये बसत नाही. बझर परत आत घ्या."

शुभदा मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. "घेते, सर. पण आत घेतला की पुन्हा गोल होणार. मग बिल्ड होणार नाही. दिवाळीनंतरची डिलिव्हरी कळवून टाकू का, होणार नाही म्हणून?"

साहेब खिडकीकडे बघायला लागले. बाहेर पार्किंगशिवाय काही नव्हतं.

"बझर बाहेरच राहू दे," ते म्हणाले.

मुलांच्या लसींसाठी जे पटलं नव्हतं, ते डिलिव्हरीच्या तारखेसाठी पटलं. मी त्याबद्दल तक्रार करत नाही. गोल कोणत्या बाजूने मोडला याला महत्त्व नसतं, असं रेक्टरांकडून शिकलो होतो. अर्थात रेक्टरांनी आधी पोरगा जेवला का ते विचारलं होतं.

नव्या सॉफ्टवेअरचा पहिला डबा त्याच केंद्रात बसवायचं ठरलं. "जुना काढून आण," साहेबांनी बजावलं. "तिथे चालू करून वगैरे दाखवत बसू नकोस. आपण लेखी कळवलंय, की तो ठरल्याप्रमाणे चालत होता. आता तो विषय संपला."

मी निघताना शुभदा मॅडम जिन्यात भेटल्या. "जुना डबा काढताना घाई करू नकोस हं," त्या म्हणाल्या. "आणि तुमच्याकडे लोडशेडिंग किती वाजता असतं ते आधी विचारून जा." एवढं बोलून त्या वर गेल्या.

लोडशेडिंग आमच्या तालुक्यात रोज ठरल्या वेळेला होई. सरकारची दुसरी कोणतीही गोष्ट तितकी वक्तशीर नव्हती. मी आधी तालुक्याच्या डॉक्टरांकडे गेलो आणि म्हणालो, "साहेब, नवा डबा बसवतोय, उद्घाटनाला तुम्ही हवात." उद्घाटन म्हटल्यावर डॉक्टर लगेच उठले. खरं सांगून बोलावलं असतं तर बहुतेक आधी लेखी अर्ज मागितला असता.

केंद्रात मी नवा डबा जुन्याच्या शेजारीच लावला. सिस्टर एका बाजूला उभ्या होत्या. डॉक्टर बाकावर बसले. त्यांच्यासाठी स्टीलच्या पेल्यात चहा आला. भोवती औषधाला आलेली माणसं, दारात दोनचार बाया. आणि ठरल्या वेळेला लाइट गेली. मी मोबाइल काढून टॉवरकडे लक्ष ठेवलं. टॉवरच्या रेघा एकेक करून गेल्या.

"करा सुरू," डॉक्टर म्हणाले.

"साहेब, तुमचा चहा जरा देता?"

त्यांना कळेना, पण पेला त्यांनी पुढे केला. मी जुन्या डब्याची फ्रीजमधली तार बाहेर काढली आणि गरम चहात सोडली. काचेवरचा आकडा चढला. मग खाली अक्षरं उमटली.

"वाचा ना, साहेब," सिस्टर म्हणाल्या.

डॉक्टरांनी चष्मा लावला. "'निरोप पाठवत आहे. कृपया वाट पाहा.'"

आम्ही वाट पाहिली. चहावर साय धरली. बाहेर कोंबडा आरवला. दारातली एक बाई दुसरीला म्हणाली, "काय व्हतंय?" दुसरी म्हणाली, "काय नाय व्हत." डबा गप्प होता. डॉक्टरांनी एकदा मोबाइल पाहिला, एकदा काच पाहिली, मग सिस्टरांकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

"निरोप माझ्याकडे येणार होता," ते हळूच म्हणाले.

"हो, साहेब. तो तुम्हाला पोचल्याशिवाय हा वाजत नाही. त्या रात्रीही पोचला नाही."

"आणि कंपनी म्हणते ठरल्याप्रमाणे चालला."

"ठरलंच तसं होतं, साहेब."

मला हे बोलायची मुभा नव्हती. ठाण्याला परतल्यावर मला डब्यांच्या कामावरून काढून लिफ्टच्या बटणांच्या कामावर टाकलं गेलं आणि पुढची काही वर्षं मी कुणाला कोणत्या मजल्यावर जायचंय एवढंच पाहत होतो. बाकीच्या केंद्रांतल्या जुन्या डब्यांत नवं सॉफ्टवेअर कधी गेलं, गेलं की नाही, ते मला आजही माहीत नाही, आणि ते मनाला लागून आहे. पण त्या केंद्रातल्या नोटिशीचं पुढे काही झालं नाही. डॉक्टरांनी ती मागे घेतली.

ते मात्र नंतरचं. त्या क्षणी मी चहातली तार काढून फडक्याने पुसली आणि नव्या डब्याची तार पेल्यात सोडली.

डबा असा किंचाळला की डॉक्टर बाकावरून उठून उभेच राहिले. पेला कलंडला. बाहेर कुत्री भुंकायला लागली, एका कडेवरचं पोर रडायला लागलं, पलीकडच्या घरातली माणसं अंगणात आली. दारातल्या बाया आधी दचकल्या आणि मग हसायला लागल्या. टॉवर बंद, वीज बंद, वरिष्ठांना काही कळवलेलं नाही, आणि डबा आपला वाजतोय.

डॉक्टरांनी दोन्ही हात कानांवर ठेवले. "सिस्टर! कळलं, कळलं! बंद करा तो!"

भोये सिस्टर जागच्या हलल्या नाहीत. डब्याकडे बघत, त्या आवाजावर आवाज चढवून म्हणाल्या, "वाजू द्या, साहेब. मागच्या खेपेचं पण वाजायचं ऱ्हायलंय."